हळू सुरू होणारा कॉम्प्युटर

काकूंचा कॉम्प्युटर सुरू व्हायला इतका वेळ घ्यायचा की समोर बसलेल्याला डुलकी लागावी. मी जुनी डिस्क काढली, नवी बसवली, आतलं सगळं जसंच्या तसं उतरवलं आणि मोठ्या ऐटीत बटण दाबलं. पापणी लवायच्या आत स्क्रीन उजळली.

काकूंचा चेहरा मात्र पडला. "आज हा काही बोललाच नाही."

"कोण?"

"सुरू होताना ओळी यायच्या ना, त्या."

"अहो काकू, त्या आता दिसायच्या आत सरकून जातात. तशाही त्या आमच्यासारख्या दुरुस्तीवाल्यांसाठी असतात. तुम्हाला काय कळणार त्यातलं?"

"आधी नव्हतंच कळत. नुसती धडकी भरायची. म्हणून माझ्या लेकाने त्या सोप्या करून लिहिल्या. शेवटच्या आजारपणात, अंथरुणात बसून."

मी जुनी डिस्क परत लावली. काळ्या स्क्रीनवर एकेक ओळ सावकाश उमटू लागली.

आई, उठतोय. सारख्या हाका मारू नकोस.
डिस्क तपासतोय. काही बिघडलेलं नाही, घाबरू नकोस.
इंटरनेट शोधतोय. तोवर तू चष्मा शोध. डोक्यावर असेल.
झालं. कर आता तुझं काम.

काकूंचा हात आपसूक डोक्याकडे गेला.

मी उगाच विचारलं, "काम काय करता यावर?"

"काम कसलं रे," म्हणत त्यांनी बटणावर बोट ठेवलं. "बंद करते. परत सुरू करते."