सर्वांत उंच रेघ

मुख्याध्यापिकांनी वरची नावाच्या मुलीच्या डोक्यावर टोपी चढवली आणि यंत्र सुरू केलं. कालचा अख्खा दिवस त्या टोपीतून पुन्हा जायचा, आणि जिथे जीव दुखावला असेल तिथे कागदावरची रेघ वर चढायची. सर्वांत उंच रेघ ज्याच्यामुळे, त्याचं नाव शाळेतून काढून टाकायचं. नियम साधा होता. रडून, गयावया करून किंवा आईबाबांना आणून तो बदलत नसे.

मॉनिटर बाकावर ऐटीत बसली होती. साक्षीदार म्हणून तिला बोलावलं होतं, शिवाय शाळेत वरचीची मैत्रीण ती एकटीच. आज वर्गातल्या दांडगट पैलवानाची उचलबांगडी होणार, याबद्दल तिला तिळमात्र शंका नव्हती. मावशीने आणलेले, पाय घातला की आपोआप आवळले जाणारे बूट ती खुशीत हलवत होती. महिनाभर ती तेच मिरवत होती.

वरची चंद्रावर जन्मलेली, म्हणून सगळे तिला वरची म्हणत. तिची हाडं पार नाजूक; पायांना बॅटरीवर चालणाऱ्या पट्ट्या बांधल्याशिवाय तिला इथे उभंही राहता येत नसे. वरच्या लोकांनी खाली येऊन आपली घरं, आपल्या नोकऱ्या बळकावल्या, असं घरोघरी जेवताना बोललं जाई, आणि मुलं ते डब्याबरोबर शाळेत आणत. पैलवान त्यांचा म्होरक्या. काल मधल्या सुट्टीत त्याने तिची बॅटरी काढून घेतली. ती जिन्यापाशी कोसळली आणि वर्ग पोट धरधरून हसला.

रेघ निघाली. पैलवानाने सकाळी चिडवलं तिथे जराशी हलली. बॅटरी निघाली तिथे चांगली वीतभर वर चढली. कोपऱ्यात उभा असलेला पैलवान रडवेला झाला. मॉनिटरला मनातल्या मनात आनंदाच्या उकळ्या फुटत होत्या. बरी खोड मोडली मेल्याची!

मग रेघ खाली आली, थोडी पुढे सरकली आणि एकदम कागदाच्या वरच्या काठाला जाऊन भिडली.

मुख्याध्यापिकांनी चष्मा सावरला. "ही तर बॅटरी गेल्यानंतर दोन मिनिटांनी," त्या म्हणाल्या. "तेव्हा पैलवान निघूनही गेला होता. काय झालं गं तेव्हा?"

मॉनिटरचे पाय हलायचे थांबले. काल घरी जाताना तिने वरचीला सगळं नीट समजावून सांगितलं होतं, आणि वरचीने मान डोलावली होती. तेवढ्यावर विषय मिटला, असं तिने धरलं होतं.

"काही नाही, मॅडम," वरची घाईघाईने म्हणाली. "उठायला मी हिच्याकडे हात केला होता, पण हिला दिसलंच नाही. ही खाली वाकून बुटाची नाडी बांधत होती."

सगळ्यांची नजर मॉनिटरच्या पायांकडे गेली. वरचीची तेवढी गेली नाही. त्या बुटांना नाडी नाही, हे तिला कालच माहीत होतं.