जरा उजवीकडे

मोटारी बंद होऊन बारा वर्षं झाली होती. नवरीसुद्धा आता स्कूटरवरूनच मंगल कार्यालयात येई, आणि स्कूटर आपला तोल आपणच सांभाळायची.

सकाळीच मेकॅनिकने अच्युतरावांना सुनावलं होतं, "काका, तुम्ही सारखे उजवीकडे कलता. यंत्राला ते निस्तरावं लागतं, बॅटरी फुकट जाते. सरळ बसत जा."

म्हणून भाचीच्या लग्नाला निघताना ते ताठ बसले. मागे सुलभाताई नेहमीसारख्या डावीकडे पाय सोडून एकांगी बसल्या.

पुलाजवळच्या सिग्नलला त्यांनी विचारलं, "अहो, माझ्यावर रागावलात का?"

"नाही गं. का?"

"तीस वर्षं मी मागे बसले की तुम्ही जरा उजवीकडे झुकता. आज मी बसलेय हे तुम्हाला कळलंच नाही, असं वाटलं."

अच्युतरावांनी मेकॅनिकचं बोलणं सांगितलं. "आता झुकायची गरज नाही म्हणे."

"बरोबर आहे त्याचं," त्या म्हणाल्या, आणि नवऱ्याच्या खांद्यावरचा हात काढून त्यांनी मांडीवरच्या आहेराच्या पिशवीवर ठेवला.

सिग्नल सुटला. पुलाच्या चढावर अच्युतराव हळूच उजवीकडे कलले. हँडलवर तांबडा दिवा लागला, यंत्र कुरकुरू लागलं.

ते तसेच कललेले राहिले. पूल उतरेपर्यंत हात खांद्यावर परत आला होता.