तीन खटके

विमान सरळ चाललं होतं, आणि तीच तर पंचाईत होती.

हॅम्बुर्ग सोडून दहा मिनिटं झाली होती. मघाशी दिलेली दिशा सोडा, आपल्या ठरलेल्या वाटेने जा, असं जमिनीवरच्या नियंत्रकाने रेडिओवरून नुकतंच सांगितलं होतं. वाट संगणकात भरलेली होती. एक खटका दाबला की ऑटोपायलट दिशा सोडून ती वाट धरणार. विमान चालवत होते कॅप्टन ऊर्स लोरेटान. ते “ठीक आहे” म्हणाले आणि मांडीवर हात ठेवून ढग बघत बसले.

शेजारी बसलेल्या सहवैमानिक फ्लुरिनाने पडद्याकडे पाहिलं. ऑटोपायलट काय करतोय ते सांगणारी वरच्या ओळीतली हिरवी अक्षरं अजून जुनीच होती.

‘कॅप्टन, खटका राहिला,’ एवढंच म्हणायचं होतं. एरवी म्हणालीही असती. सात वर्षांपूर्वी लोरेटाननीच तिला शिकवलं होतं: खटक्याला हात लावायचा तो बोलून, दुसऱ्याने हिरवी अक्षरं वाचून होकार द्यायचा. “मुक्याने काम करायचं असेल तर घरी बसून मोजे विण,” असं म्हणायचे.

पण आज दोघांच्या मागे, घडीच्या खुर्चीवर, कंपनीचे तपासनीस रुप्पेन बसले होते. मांडीवर पाटी, पाटीवर कागद. प्रवासी कोणी नव्हते. रिकामं विमान स्वित्झर्लंडमधल्या सियोनला न्यायचं आणि उद्या तिथून गिऱ्हाईक उचलायचं, एवढंच काम. अशा फेरीला तपासनीस कशाला हवा? फ्लुरिनाला कारण ठाऊक होतं. लोरेटान हल्ली विसरतात, अशी कुजबूज होती. गेल्या महिन्यात एका प्रवाशाचं नाव विसरले, त्याआधी डबा विसरले. साठी उलटलेल्या माणसाला बदनाम करायला एवढं पुरतं! सप्टेंबरात ते निवृत्त व्हायचे होते. हा शेवटचा उन्हाळा मानाने जावा, एवढीच तिची इच्छा होती.

आणि त्यांची खुर्ची रिकामी झाली की मिळणार होती तिलाच. आज रुप्पेनसमोर तोंड उघडलं तर लोक म्हणणार, खुर्चीसाठी पोरीने गुरूचाच गळा कापला. गप्प बसावं तर विमान भलतीकडे. इकडे आड, तिकडे विहीर.

तिने नकाशा सारखा करण्याचं निमित्त केलं आणि जाता जाता खटका दाबला. अक्षरं बदलली. विमान हळूच डावीकडे वळलं.

“काही म्हणालीस?” लोरेटाननी विचारलं.

“छे. काही नाही.”

मागे रुप्पेनचं पेन कागदावर दोनदा खरखरलं.

लोरेटाननी पिशवीतून जर्दाळू काढले. “घे. आमच्या अंगणातले आहेत. रुप्पेन, तुम्हीही घ्या. लाच नाही हो, फळ आहे.”

“एका जर्दाळवात मी विकला जात नाही,” रुप्पेन म्हणाले आणि दोन उचलले.

तिघंही हसले. फ्लुरिनाने मात्र फळ तसंच हातात धरून ठेवलं. एवढ्याशा खोलीत तीन माणसं, गुडघ्याला गुडघा लागलेला, आणि मानेवर रुप्पेनचा श्वास. उठून जावं म्हटलं तर जाणार कुठे?

पाऊण तासाने उतरण्याची वेळ आली. संगणकाने उताराची रेघ आखून ठेवली होती. पण उंचीचा आकडा हाताने खाली फिरवल्याशिवाय ऑटोपायलट एक फूटही उतरत नाही. ही मेख नवशिक्यालाही माहीत असते. लोरेटाननी नियंत्रकाला उत्तर दिलं आणि आकड्याला हातच लावला नाही. रेघेची सुरुवात जवळ आली. फ्लुरिनाला रडू यायचं बाकी होतं. अहो, फिरवा ना! एवढं कसं विसरता?

ते फिरवेनात. तिने खोकल्याची उबळ आणली, पुढे वाकली आणि आकडा फिरवला. विमानाने नाक खाली घातलं.

“तुला काही सांगायचं असेल तर सांग हं, पोरी,” लोरेटान म्हणाले. आवाज फार मऊ होता.

बिचारे, तिला वाटलं. यांना स्वतःलाच कळतंय.

“घसा खवखवतोय, बाकी काही नाही,” ती म्हणाली.

पुन्हा पेन खरखरलं.

खालचं सरोवर मागे पडलं. दोन्ही बाजूंना डोंगर आले आणि दरी अरुंद होत गेली. इथे धावपट्टीकडून येणारा रेडिओचा किरण पकडायचा आणि त्याला धरून उतरायचं. त्यासाठीचा खटका आधी दाबून ठेवावा लागतो. नाहीतर विमान किरण ओलांडून सरळ पुढे, आणि पुढे खडक. लोरेटान शिखरांवरच्या बर्फाकडे बघत होते. किरणाची खूण पडद्यावर सरकू लागली. या वेळी तिने निमित्तसुद्धा शोधलं नाही. हात पुढे केला आणि दाबला. तोंडातून चकार शब्द काढला नाही.

चाकं सुरेख टेकली.

इंजिनं थंडावली तेव्हा तिच्या पाठीला घाम सुटला होता. सुटलो एकदाचे, तिला वाटलं. तेवढ्यात रुप्पेननी पाटी पुढे केली आणि लोरेटाननी चष्मा चढवून लिहायला घेतलं. तिचं डोकंच फिरलं. म्हाताऱ्याला स्वतःच्या चुका स्वतःच्या हाताने लिहायला लावतोय हा माणूस!

“रुप्पेनसाहेब, विमान व्यवस्थित उतरलं ना? मग आणखी काय हवंय तुम्हाला?”

लोरेटाननी सही केली.

“मी शेवटपर्यंत वाट बघितली, पोरी,” ते म्हणाले. त्यांचे डोळे भरले होते. त्यांनी पाटी तिच्या हातात दिली.

सुबक अक्षरात लिहिलं होतं: ‘ठरल्याप्रमाणे तीन गोष्टी मुद्दाम सोडल्या. तिन्ही वेळा उमेदवाराने गुपचूप दुरुस्ती केली. एकदाही बोलून अडवलं नाही. कॅप्टनपदासाठी अयोग्य.’ खाली परीक्षक म्हणून ऊर्स लोरेटान यांची सही होती, आणि वर उमेदवाराचं नाव: फ्लुरिना कादुफ.