तिसऱ्या घावानंतर

दवाखान्यातून बायको, रतन, वारल्याचा निरोप आला, तेव्हा खेमाजी भट्टीत कोयता तापवत होता. अर्धा घडलेला कोयता तसाच टाकून तो धावला.

तेराव्यानंतर त्यानं भट्टी पुन्हा पेटवली आणि तोच कोयता तापायला घातला. आजवर तो सांडशीत लोखंड धरायचा आणि रतन घण मारायची. आता घण लेकीनं, चंपानं उचलला. तिसऱ्या घावानंतर खेमाजीच्या हातानं आपोआप लोखंड उलटवलं, आणि चंपाचा घण सांडशीवर आदळला.

“आबा, मधेच काय फिरवता? बोटं जातील.”

“तुझी आई इथं पदर खोचायला थांबायची.”

“मी ड्रेस घातलाय.”

तो ओशाळून हसला. पण पुढच्या खेपेलाही हात फिरलाच. रतन नाही, हे डोक्यानं मान्य केलं होतं. जन्मभर तिच्या घावांवर चाललेल्या हाताला ते कोण सांगणार?

“राहू द्या, मीच थांबते तिथं,” चंपा म्हणाली आणि तिसऱ्या घावानंतर थांबली.

हात फिरला. त्या थांबण्यात खेमाजीला बांगड्या वाजलेल्या ऐकू आल्या. चंपाच्या हातात बांगड्या नव्हत्या.

त्यानं सांडशी खाली ठेवली. कोयता अजून अर्धाच आहे.