मातीत न मिसळणारे चमचे

"आजही नाही," मातीवाले म्हणाले आणि चिखलाने माखलेला चमचा त्यांनी तिच्या टेबलावर ठेवला.

तिने तो धुतला, पुसला, वजनकाट्यावर ठेवला. कडा शाबूत, दांडा सरळ. वजन तसूभरही घटलेलं नव्हतं.

मक्याचं पीठ आणि उसाचा चोथा यांपासून हा चमचा बनवायला तिची सहा वर्षं गेली होती. खनिज तेलाचा थेंबही नाही. आइस्क्रीम खा, टाकून द्या, दोन महिन्यांत त्याची माती होईल, असा तिचा दावा. तो तपासायला दुसऱ्या शहरातून हे मातीचे जाणकार आले होते. चमचे कुजले की त्यांचं काम संपणार आणि ते परत जाणार. कारखान्यात सगळे त्यांना मातीवालेच म्हणत.

दर सोमवारी ते मागच्या अंगणातल्या मातीच्या पेट्यांतून एक चमचा उकरून आणत. ती उकरायला उठली की म्हणत, "बसा हो मॅडम. चिखलात तुम्ही कशाला हात घालता?" मग दोघं खिडकीशी चहा पीत. कुठल्या मातीला कसला वास येतो ते सांगताना ते अशा काही नकला करत, की एरवी कामाशी काम ठेवणारी ती पोट धरून हसे.

सोमवार जवळ आला की तिचा जीव टांगणीला लागे. चमचा कुजायला हवा होता. पण कुजला की हे जाणार. अख्खा दिसला की आधी हायसं वाटे, आणि लगेच स्वतःचीच लाज.

"हल्ली दर सोमवारी ठेवणीतले कपडे निघतात," आई म्हणाली.

"बैठक असते गं."

"कोणाशी? चमच्यांशी?"

सहाव्या महिन्यात कारखान्याचे साहेब खाली आले. "पुरे झालं आता. उद्यापासून परत जुनंच प्लास्टिक. तुमचे साचे भंगारात जातील."

तिने साच्यांच्या खोलीची किल्ली काढून दिली. मातीवाल्यांचा मात्र चेहरा पडला. "साहेब, अजून थोडे दिवस..."

"सहा महिने कमी झाले?" साहेब निघून गेले.

संध्याकाळी फाटकाशी ते बॅग घेऊन उभे राहिले. पत्र पाठवाल का, असं तिला विचारायचं होतं. तोंडून निघालं, "गाडी चुकेल तुमची."

"मॅडम, यात तुमची काही चूक नाही," ते खाली मान घालून म्हणाले. "खरंच नाही." आणि चालू लागले. वळणापर्यंत त्यांनी एकदाही मागे पाहिलं नाही.

टेबल आवरायला ती वर आली. त्यांची नोंदवही तिथेच होती. वहीत साहेबांच्या नावाची एक उघडी चिठ्ठी होती.

"साहेब, साचे मोडू नका. मॅडमचे चमचे एकोणचाळिसाव्या दिवशीच मातीत मिसळले. पहिल्या चमच्याची कड मऊ पडली तेव्हापासून दर सोमवारी मी कपाटातला नवा चमचा चिखलात बुडवून त्यांच्यापुढे ठेवत होतो. मला परत जायचं नव्हतं."