कुटण्याची वेळ

संध्याकाळी वस्तीतल्या बायका पाल्याच्या भाजीसाठी शेंगदाणे कुटायला लागल्या, की कासोंडे बायकोला झोडायला घ्यायचा. मुसळांच्या दणदणाटात मुकुकाच्या किंकाळ्या कुणाला ऐकू जायच्या नाहीत.

आजही त्याने तिला उखळापासून केस धरून ओढलं आणि भिंतीवर आपटलं. "बोंबल हवं तेवढं! ऐकतंय कोण?"

तेवढ्यात सगळी मुसळं एकदम थांबली.

दार ढकलून शेजारची चोलाची आई आत आली. मागे सातजणी, प्रत्येकीच्या हातात कुटाने माखलेलं मुसळ.

"हे आमचं घरातलं आहे, मावशी," कासोंडे कोपऱ्यात सरकला.

"म्हणून तर घरात आलोय." तिने दाराला आतून कडी घातली. "मुकुका, ऊठ पोरी. तुझे दाणे कुटायला घे. जोरजोरात कूट, याचा आवाज बाहेर जायला नको."