खेळण्यासाठी कॉम्प्युटर

“बच्चा कौन सा गेम खेलता है, मैडम?” दिल्लीच्या नेहरू प्लेसमधल्या कॉम्प्युटरच्या दुकानदारानं विचारलं.

“मेरे लिए है,” देविका म्हणाली.

त्यानं तिच्याकडे पाहिलं. तेहतीस वर्षांची बाई, पाठीवर ऑफिसची सॅक, हातात रेघांची वही. “अच्छा,” तो म्हणाला आणि पुढं बोलला नाही. बरंच झालं. कोणता गेम खेळायचा, ते देविकालाही माहीत नव्हतं.

बाकी सगळं वहीत होतं. दोन महिने ऑफिसातून आल्यावर ती हेच वाचत होती. प्रोसेसर कशाला, ग्राफिक्स कार्ड कशाला, काटकसर कुठं चालते आणि कुठं अजिबात नाही. डावीकडे समास सोडलेला, महत्त्वाच्या ओळींखाली लाल रेघ. शेजारी उभ्या मयुरानं ती वही पाहिली आणि मान फिरवली. करोल बागेतल्या एकाच खोलीत सात वर्षं दोघींनी अशाच वह्या भरल्या होत्या, यूपीएससीसाठी. देविकाचे सगळे अटेम्प्ट संपले. आता ती नोएडातल्या एका कंपनीत सराव परीक्षांचे प्रश्न काढायची. मयुराचा शेवटचा अटेम्प्ट येत्या मे महिन्यात होता.

दुकानदारानं सगळ्यात भारी प्रोसेसरचा डबा पुढं सरकवला. सोबत रंगीत दिव्यांचं कॅबिनेट.

“प्रोसेसर बीच वाला चलेगा,” देविका म्हणाली. “कार्ड अच्छा चाहिए. लाइटें नहीं चाहिए. और पावर सप्लाई सस्ती वाली मत दीजिए, वो गई तो सब ले डूबेगी.”

दुकानदार हसला. “आप तो पूरी पढ़ाई करके आई हैं.”

“मुझे वही आता है.”

कार्डापाशी मात्र ती अडली. दोन डबे समोर. एकाचा वेग थोडा जास्त, दुसऱ्याची मेमरी जास्त. तिनं वही उघडली, मिटली, पुन्हा उघडली. दहा मिनिटं गेली. मागं दुसरी गिऱ्हाइकं येऊन थांबली.

“यार, कुठलंही घे,” मयुरा हळूच म्हणाली. “ऑप्शनल सब्जेक्ट नाहीये हा.”

देविकानं जास्त मेमरीच्या डब्यावर बोट ठेवलं. बोट ठेवल्यावरही तिला खात्री नव्हती.

सगळं जोडायला दोन तास लागणार होते. दोघी बाहेरच्या जिन्यात कागदी कपातला चहा घेऊन बसल्या. मयुरा सारखं घड्याळ बघत होती. चार वाजता तिला लायब्ररीत पोचायचं होतं.

“पण का, देविका? तू तर कधी मोबाइलवरसुद्धा काही खेळली नाहीस.”

“सातला घरी येते. जेवते. मग काय करायचं तेच कळत नाही.”

“पुस्तक वाच. कादंबऱ्या वाचायच्या राहिल्यात, किती वेळा म्हणायचीस.”

“पुस्तक उघडलं की हात पेन शोधतो गं.”

चहा निवून गेला.

चार वाजून गेले तेव्हा दुकानदारानं हाक मारली. कॉम्प्युटर सुरू झाला होता. तपासायला म्हणून त्यानं एक गेम लावून दिला आणि देविकापुढं स्टूल सरकवलं. पडद्यावर एक मुलगी तुटक्या पुलावर उभी होती. तिला पलीकडे न्यायचं होतं.

देविकानं बटण दाबलं. मुलगी धावली आणि सरळ दरीत पडली.

देविका दचकून मागं सरली. तिनं दोन्ही हात मांडीवर घेतले. पडदा काळा झाला. आता आपण काहीतरी बिघडवलं, असा तिचा चेहरा झाला. “सॉरी,” ती म्हणाली.

“सॉरी क्या, मैडम? फिर से कीजिए.” दुकानदार बिल छापत होता, त्यानं वर पाहिलंही नाही. “इसमें गिनती थोड़ी होती है.”

मुलगी पुन्हा पुलाच्या टोकाशी उभी होती. तिच्या झग्याचं टोक वाऱ्यानं हलत होतं. देविका नुसती बघत राहिली. कीबोर्डला हात लावायचं तिला सुचेना.

मयुरानं खांद्यावरची पुस्तकांची पिशवी काढून जमिनीवर ठेवली.

“सरक जरा,” ती म्हणाली. “मला बघू दे.”